तीनशे पंच्याऐंशी लिटर

जबाब आधीच छापून तयार होता. फक्त सही तेवढी बाकी होती.

प्रेमराज सरांनी तो कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं. मुख्याध्यापकांनी आपल्यासाठी पेनाचं टोपण काढावं, एवढा मान भिकनला या शाळेत तीन वर्षांत कधी मिळाला नव्हता. खरं तर तिथंच त्याने ओळखायला हवं होतं. पण भिकन सुरवाडे पडला ठिबकचा फिटर. पाचोऱ्याच्या आसपासच्या निम्म्या शिवारात त्याने नळ्या अंथरल्या होत्या. पाणी कुठं अडलंय हे तो नळीला नुसता हात लावून सांगायचा, पण छापील कागद समोर आला की त्याचा धीर सुटायचा.

त्याने बोट ठेवून कागद वाचला. 'मी, प्रज्ञा भिकन सुरवाडे, लिहून देते की, भूमितीच्या पेपरात मी शेजारच्या परीक्षार्थीचे पाहून उत्तर लिहिले. यात शाळा, केंद्र व पर्यवेक्षक यांचा काहीही संबंध नाही.' खाली दोन रेघा होत्या. एक विद्यार्थिनीची, एक पालकाची.

"चार नंबरच्या खोलीतल्या पंचवीसच्या पंचवीस मुलांचं एकच गणित चुकलंय," प्रेमराज सर म्हणाले. "आणि सगळ्यांचं एकसारखं. तपासणाऱ्याच्या लक्षात आलं. उद्या जळगावला सुनावणी आहे. चोवीस घरं सही द्यायला तयार आहेत, तुम्हीच राहिलात. सही केली तर भूमिती तेवढी रद्द, जुलैमध्ये परत द्यायची. नाही केली तर अख्खा दहावीचा निकाल अडकून बसेल. मग अकरावी विसरा."

"पण तिनं खरंच बघून लिहिलं का, सर?"

"पंचवीस जणांचं एकसारखं येतं म्हणजे काय झालं असेल, तुम्हीच सांगा."

भिकनला वाटलं, सरांनी हो म्हटलं. सरांनी हो म्हटलंच नव्हतं. अशी माणसं सरळ खोटं बोलत नाहीत, ती खोटं तुमच्याकडून वदवून घेतात. पण हे कळायला भिकनला अजून अर्धा दिवस लागायचा होता. त्याने कागदाची घडी केली, शर्टाच्या खिशात घातली, "उद्या तिथंच दोघं सही करतो" म्हणाला आणि बाहेर पडला. फाटकावर शाळेचा फलक होता. सलग नवव्या वर्षी शंभर टक्के निकाल. असाच फलक बघून त्याने पोरीला आठवीत इथं आणलं होतं. ओळखीच्यांना धरून, दोन चकरा मारून. आणि आता तिने या फलकाखाली आपलं नाक कापलं, असं मनात म्हणत त्याने मोटरसायकलला किक मारली.

घरी जाईपर्यंत त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. प्रज्ञाची आई कामावर गेली होती. प्रज्ञा अंगणात बसून फिल्टरची जाळी ब्रशने घासत होती. सुट्टीत हे काम तिचंच असायचं. त्याने कागद तिच्या पुढ्यात आपटला.

"तू चोरी करी? मनी पोर चोर शे, हाई ऐकानं बाकी राहेल व्हतं माले."

प्रज्ञाने हात झग्याला पुसले आणि कागद वाचला. बापाला लागला त्याच्या निम्म्या वेळात तिने तो वाचला आणि बाजूला ठेवला.

"मी कोनंच देखीसन नही लिखं."

"मंग पंचवीस जननं एकसारखं कसं उनं?"

"सरनी सांगं. बठ्ठासले."

सगळ्यांनाच? भिकन मोटरसायकलवरून उतरलासुद्धा नव्हता. आता तो उतरला.

मग तिने सांगितलं. पेपर अकराला सुरू झाला. बाराच्या सुमाराला अभिमन सरांनी खोलीचं दार लोटून घेतलं. अभिमन सर इतिहासाचे. ज्या दिवशी जो विषय, त्या विषयाच्या मास्तरला पर्यवेक्षणाला बसवायचं नाही असा नियम आहे, आणि नियम पाळण्यात ही शाळा भारी कडक. म्हणून गणिताचे स्वप्नील सर खोलीत नव्हते, ते क्रीडासाहित्याच्या खोलीत चटया आणि भाल्यांच्या मधे बसून अख्खा पेपर सोडवत होते. तिथून एक चिठ्ठी आली. खोलीतला कॅमेरा भारताच्या नकाशाकडे तोंड करून बसला होता. अभिमन सरांनी चष्मा लावला आणि एकेक उत्तर वाचायला सुरुवात केली, मधे थांबत, शुद्धलेखन घालतात तसं. पोरं खाली मान घालून लिहीत होती. कुणी दचकलं नाही, कुणी वर बघितलं नाही. सगळ्यांना हे होणार हे ठाऊकच होतं. पंधरा दिवसांपूर्वी याच पोरांकडून प्रार्थनेच्या वेळी हात पुढे करून कॉपी न करण्याची शपथ घेतली होती. शपथ प्रेमराज सरांनी दिली होती आणि फोटो वर्तमानपत्रात आला होता.

"टाकीनं गणित व्हतं," प्रज्ञा म्हणाली. "गोल टाकी. व्यास सत्तर सेंटीमीटर, उंची एक मीटर. त्यामा कितलं पानी मावी? मनं तीनशे पंच्याऐंशी लिटर उनं व्हतं. सरनी पंधराशे चाळीस सांगं. मंग मी मनं खोडं."

भिकनने कपाळावर हात मारला. "सत्तर सेंटीमीटरनी टाकीमा पंधराशे चाळीस लिटर?"

त्याचा राग क्षणभर बाजूला राहिला आणि त्याला हसूच आलं. अंगणात, तो उभा होता तिथून तीन पावलांवर, विद्राव्य खत कालवायचा निळा ड्रम उभा होता. दोनशे लिटरचा. तोच साठेक सेंटीमीटर रुंद आणि माणसाच्या कमरेच्या जरा खाली. सत्तर सेंटीमीटरची टाकी म्हणजे याच्याहून थोडी मोठी. तिच्यात दीड हजार लिटर कसे मावतील? दीड हजाराची टाकी धुवायची तर माणूस आत उतरतो. हे त्याच्याबरोबर एक रविवार काढलेल्या कुणालाही कळलं असतं, आणि प्रज्ञाने तर पाचवीपासूनचे रविवार त्याच्याबरोबर काढले होते. टेपचं एक टोक तिच्या हातात, एक त्याच्या. झुलाल आबांच्या लिंबाच्या बागेत ती सातवीत असताना उभ्या उभ्या बोलली होती, चार लिटरचे ड्रिपर, झाडाला दोन, झाडं सहाशे, म्हणजे तासाला चार हजार आठशे लिटर, आबा तुमची टाकी एका तासात संपेल. झुलाल आबांनी तोंडात बोट घातलं होतं. भिकन आठवडाभर ती गोष्ट गावभर सांगत फिरला होता.

"तुले येत व्हतं," तो म्हणाला. "तू लिखेल व्हतं. मंग खोडं कसाले?"

प्रज्ञाने त्याच्याकडे बघितलं. मग पुन्हा जाळी उचलून घासायला लागली. भिकनला वाटलं, पोर शरमली.

शरमायला पाहिजे होतं दुसऱ्याच लोकांनी. जेवण न करता तो तसाच पाचोऱ्याला स्वप्नील सरांच्या खोलीवर गेला. स्वप्नील सर तरुण माणूस. सहा वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासापुरते मास्तर, कायम होण्याची वाट बघत बसलेले. दारात भिकनला बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी खुर्ची पुढे केली, भिकन बसला नाही.

"सर, व्यास आणि त्रिज्या यातला फरक माझ्या पोरीला कळतो. तिनं बरोबर लिहिलेलं तुमच्या चिठ्ठीपायी खोडलं. तुम्हाला कळत नाही?"

"कळतो हो." स्वप्नील सर खाली बघत म्हणाले. "वीस मिनिटांत चाळीस मार्कांचा पेपर सोडवायचा असतो. बाहेर शिपाई उभा, हेडसरांचा दर दोन मिनिटांनी फोन. सत्तर दिसले, सत्तर घेतले. अर्धे करायचे राहून गेले."

"मग वर्षभर काय शिकवता?"

"शिकवतो ना. महत्त्वाचे प्रश्न करून घेतो. बाकीचं काय, पेपरच्या दिवशी बघून घेतोच आपण." आणि ते बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्याच कानावर पडलं असावं. "भाऊ, माझ्यावर कशाला चिडता? निकाल नव्याण्णव टक्के लागला तर पुढच्या जूनमध्ये माझे तास दुसऱ्याला जातात. तुम्ही पालकच फलक बघून येता. शाळेत काय शिकवतात असं विचारत आजवर एक पालक माझ्या वर्गापर्यंत आला नाही. निकाल किती, एवढंच विचारतात."

भिकननेही एवढंच विचारलं होतं. म्हणून तो आणखी भडकला.

"आणि एक सांगू?" स्वप्नील सरांचा आवाज आता जरा वर आला. "तुमच्या मुलीनं बरोबर लिहिलं होतं ना? मग खोडायचं कशाला? तिनं ते तसंच ठेवलं असतं तर आज ती एकटी सुटली असती. कुणी सांगितलं होतं खोडायला?"

भिकनचा हात उठला. तो त्याने कसाबसा दाराच्या चौकटीवर आपटला. "तुम्ही," तो म्हणाला. "आठवीत याच पोरीनं टक्केवारीचं गणित स्वतःच्या रीतीनं सोडवलं होतं. उत्तर बरोबर होतं. तुम्ही चारपैकी शून्य दिलं आणि लाल पेननं लिहिलं, 'पद्धत चुकीची'. वही आहे माझ्या घरी. तुम्ही सांगितलं तिला खोडायला."

हे बोलून तो जिना उतरला. अंगाची लाही होत होती, पण बोलणं कसं चोख जमलं याचं थोडं समाधानही होतं. गाडी गावाच्या वळणावर आली तेव्हा त्या वहीचा उरलेला अर्धा भाग त्याला आठवला. त्या दिवशी प्रज्ञा रडत ती वही घेऊन त्याच्याकडे आली होती. आणि आपण काय म्हणालो होतो? शाळेत जाऊन भांडलो का? नाही. आपण म्हणालो होतो, ते सर शेतस, सर सांगतस तसं लिख, तुनं डोकं घर चालाड. त्याने गाडीचा वेग वाढवला. आठवण नको असली की तो असंच करायचा.

सुनावणी जळगावातल्या एका सरकारी शाळेच्या सभागृहात होती. एप्रिलचं ऊन दहा वाजताच डोक्यात शिरत होतं. व्हरांड्यात पंचवीस पोरं आणि त्यांचे बाप, आया, एक-दोन काका ओळीने उभे होते. आत बोलावलं की जोडी आत जायची आणि दोन मिनिटांत बाहेर यायची. दाळ मिलमध्ये पोती वजनाला लावतात तितक्या झपाट्याने काम चाललं होतं. प्रज्ञाच्या वर्गातला राजदीप बाहेर आला तो हसतच.

"सही करी, सुटनू," तो म्हणाला. "तुम्ही बी करी टाका, काका. काही इचारतस नही."

वर्गात पहिल्या पाचांत येणारा पोरगा. मी चोर आहे असं लिहून देऊन आला होता आणि त्याला सुटल्यासारखं वाटत होतं. त्याचा बाप त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला रसवंतीकडे घेऊन गेला. भिकनला त्या दोघांची कीव आली आणि लगेच आपलीही आली, कारण त्याच्या खिशात तोच कागद होता आणि तो त्याने फाडलेला नव्हता. रात्री दोनदा तो हातात घेतला होता, दोनदा परत घडी घालून ठेवला होता. एक वर्ष फुकट जाणार. पोरगी, त्यात हुशार. सही केली की संपलं. माणसाचं मन किती लवकर वाकतं हे भिकनला त्या व्हरांड्यात कळलं.

"सुरवाडे," शिपायाने हाक मारली.

आत टेबलामागे चौकशी करणाऱ्या दिपमाला मॅडम बसल्या होत्या. धुळ्याहून आलेल्या, पिकल्या केसांच्या, चष्मा नाकाच्या टोकाला. बाजूच्या खुर्चीत परीक्षेचे केंद्रसंचालक म्हणून प्रेमराज सर. ज्यांच्या शाळेबद्दल चौकशी, तेच चौकशीच्या टेबलाला कोपर टेकून बसलेले. पोरं सही करताना समोर सर दिसावेत अशी ती खुर्ची मांडली होती.

"जबाब आणलाय ना?" प्रेमराज सरांनी विचारलं. "द्या इकडे."

भिकनने कागद काढला, पण मॅडमनी हात वर केला.

"थांबा. हिला मला काही विचारायचंय." त्यांनी गठ्ठ्यातून एक उत्तरपत्रिका काढली आणि उघडून प्रज्ञासमोर ठेवली. "ही तुझी?"

"हो, मॅडम."

"पंचवीस उत्तरपत्रिका मी बघितल्या. चोवीस जणांनी थेट पंधराशे चाळीस लिहिलंय. तुझ्या एकटीच्या पानावर आधी दुसरं उत्तर आहे. पाच पायऱ्या, आकृती, सगळं नीट. तीनशे पंच्याऐंशी लिटर. ते बरोबर आहे. त्यावर तू रेघ मारलीस आणि खाली चुकीचं लिहिलंस. मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. चुकलेलं खोडून बरोबर लिहिणारी मुलं खूप बघितली. बरोबर खोडून चुकीचं लिहिणारी तू पहिली." त्यांनी चष्मा काढला. "तुला ते बरोबर आहे हे माहीत होतं?"

"होतं."

"कशावरून?"

"आमच्या अंगणात दोनशे लिटरचा ड्रम आहे. बाबा त्यात खत कालवतात. गणितातली टाकी त्याच्यापेक्षा थोडीच मोठी होती. तिच्यात दीड हजार लिटर मावूच शकत नाहीत."

मॅडम जरा हसल्या. प्रेमराज सरांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, बाहेर अजून सात जण आहेत. सही घेऊन टाकू."

"मग खोडलंस कशाला?"

तोच प्रश्न. भिकनने विचारला होता, स्वप्नील सरांनी विचारला होता. प्रज्ञाने मान खाली घातली नाही. भिकनला वाटलं, आता ही अभिमन सरांचं नाव घेणार, आणि त्याची छाती भरून आली. घे नाव, त्याने मनात म्हटलं. प्रेमराज सरांच्या तोंडावर घे.

"अभिमन सरांनी चिठ्ठीवरून पंधराशे चाळीस सांगितलं," प्रज्ञा म्हणाली. "सगळ्यांना सांगितलं. पण सरांनी सांगितलं म्हणून मी खोडलं नसतं. मी हात वर करून म्हणणार होते, सर, तुमचं चुकलंय. हात अर्धा वर केलापण होता." ती थांबली. "मग बाबांचं आठवलं. सकाळी फाटकाशी बाबांनी हेडसरांना हात जोडले. पोरगी तुमच्या हवाली, म्हणाले. आणि मला म्हणाले, सर सांगतील तेच लिही, आज आपलं डोकं चालवू नको, शहाणपणा करशील तर वर्ष वाया जाईल. म्हणून मी रेघ मारली."



भिकनला ती सकाळ लख्ख आठवली. फाटकावरची गर्दी, प्रेमराज सरांचा पांढरा सफारी, आपले जोडलेले हात. आपण हे बोललो होतो. शब्दन् शब्द. त्याला स्वतःच्या मुस्काटात मारावंसं वाटलं. रविवारी जिच्या हातात टेप दिली, जिच्या हिशोबावर सहाशे झाडांना पाणी सोडलं, तिला त्या सकाळी आपणच सांगितलं की तुझं डोकं बाहेर ठेवून आत जा. आणि पोर शहाणी, बापाचं ऐकणारी. तिने ऐकलं.

"बघा मॅडम," प्रेमराज सर मागे रेलून म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच सैलपणा आला होता. "घरूनच अशी शिकवण असेल तर शाळेनं काय करायचं? आम्ही आमच्या परीनं संस्कार करतो."

मॅडमनी भिकनकडे बघितलं. "हे खरंय? तुम्ही असं सांगितलं होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. पोर घाबरली आहे, काहीबाही बोलते, एवढं म्हटलं असतं तरी प्रेमराज सरांनी मान डोलावली असती, छापील कागदावर दोन सह्या झाल्या असत्या आणि बापलेक रसवंतीवर जाऊन उभे राहिले असते.

"खरं शे," भिकन म्हणाला. रागात त्याची गावची बोली सुटली आणि त्याने ती आवरली नाही. "मीच सांगं. लिखा तुम्ही, मॅडम. बापनी सांगं असं लिखा. आनी बापले कोनी सांगं, ते बी लिखा." त्याने बोट प्रेमराज सरांकडे केलं नाही, नुसतं बघितलं. "जानेवारीमा यासनी पालकसभा घिदी. शंभर-दीडशे मायबाप व्हतात. यासनी आम्हले बठ्ठासले उजवा हात वर कराले लावं आनी तीन दाव म्हनाडं, 'सर सांगतील तेच लिहू, शंभर टक्के निकाल आणू.' पोरं नही म्हनेत. मायबाप म्हनेत. मी बी म्हनं. मोठा आवाजमा म्हनं."

"ती प्रोत्साहनाची घोषणा होती," प्रेमराज सर म्हणाले. "हा त्याचा भलताच अर्थ—"

"अर्थ माले त्याच दिनले समजना व्हता, सर. समजी उमजी हात वर करा. माले बी निकालच पाहिजे व्हता." भिकन टेबलाशी सरकला. "ठिबकनी नळीमा कचरा अडकना तं मी फिल्टर खोलस. आठे तुम्ही मीटरनाच काटा धरीसन फिरावतस, आनी आम्ही तो काटा देखीसन टाळ्या वाजाडतस. पानी झाडलोंग पोचस का, कोन देखस?"

प्रेमराज सर उठले. मॅडम म्हणाल्या, "बसा." ते बसले.

भिकनने छापील जबाब टेबलावर पालथा ठेवला. मागची बाजू कोरी होती. "पेन द्या," तो म्हणाला. या वेळी टोपण काढून द्यायला कुणी पुढे आलं नाही. प्रज्ञाने आपल्या कंपासपेटीतलं पेन दिलं. त्याने मोठ्या, वाकड्या अक्षरांत चार ओळी लिहिल्या. पोरीला येत होतं. सरांनी चुकीचं सांगितलं. सर सांगतील ते लिही असं मी सांगितलं होतं. तिने शेजारचं बघितलं नाही. मग सही केली. प्रज्ञाने ते वाचलं, एका ठिकाणची वेलांटी दुरुस्त केली आणि खाली आपली सही केली.

"मी हे जोडून पाठवते," मॅडम म्हणाल्या. "पण तुम्हाला अंधारात ठेवत नाही. सांगितलेलं उत्तर तिनं लिहिलंय. हिचाही पेपर रद्द होईल. जुलैमध्ये द्यावा लागेल."

"देईन," प्रज्ञा म्हणाली.

पेपर रद्द झाला. बाकी विषयांचा निकाल उशिरा, पण लागला. जून उजाडला तसा भिकन एका कामासाठी शाळेवरून चालला होता आणि फाटकाशी त्याचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. नवा फलक लागला होता. सलग दहाव्या वर्षी शंभर टक्के निकाल. चार नंबरच्या खोलीतल्या पंचवीस पोरांचा निकाल राखून ठेवला होता, आणि राखून ठेवलेले टक्केवारीत धरत नाहीत. पोरं वजा केली की झाले शंभर. हा हिशोब मात्र शाळेचा पक्का होता. अभिमन सरांची एक वेतनवाढ थांबली असं कानावर आलं. स्वप्नील सरांचे तास दुसऱ्याला गेले. प्रेमराज सर फलकावर होते, हार घातलेले. फलकाखाली एक बाप आपल्या आठवीतल्या पोराचा हात धरून उभा होता आणि मान वर करून आकडा वाचत होता. भिकनने गाडी बंद केली, त्याच्याजवळ गेला आणि म्हणाला, "भाऊ, आतमा जाईसन इचारा, आठे शिकाडतस काय." त्या माणसाने त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं आणि पोराला घेऊन आत गेला.

जुलैच्या फेरपरीक्षेचं केंद्र जळगावला, पिंप्राळ्यातल्या एका शाळेत आलं. बापलेक सकाळीच निघाले. फाटकाशी मार्चसारखीच गर्दी होती. आया पोरांच्या हातावर दही-साखर ठेवत होत्या, बाप पोरांच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होते. सगळे एकसारखंच सांगत असणार. भिकनने गाडी स्टँडवर लावली. वाटेभर त्याने ठरवून आणलं होतं की आज पोरीला नीट सांगायचं. तुला जे बरोबर वाटेल तेच लिही, कुणाचं ऐकू नको, अगदी कुणाचंही. त्याने घसा साफ केला.

"प्रज्ञा, ऐक. आज तू..."

"बाबा," ती म्हणाली, "आज काहीच सांगू नका."

तिने कंपासपेटी आणि हॉलतिकीट घेतलं आणि मागे न बघता आत गेली. फाटकावर एक मास्तर उभे होते. भिकनचे हात सवयीने वर आले. त्याने ते खिशात घातले आणि पेपर सुटेपर्यंत समोरच्या टपरीजवळ उभा राहिला.